खपलीत सापडलेला प्रत्येक स्ट्रेप्टोमायसीस दोषी नसतो

स्कॅब (सालीवर खडबडीत खपल्या धरणारा रोग) झालेल्या बटाट्याच्या खपलीतून जिवाणू वाढवायला घेतले की काही दिवसांत पेट्री डिशवर खडूची भुकटी भुरभुरल्यासारख्या वसाहती दिसू लागतात. सुईने उचलायला जावं तर सहज निघत नाहीत, आगरमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीत, रुतून बसलेल्या असतात. झाकण किलकिलं केलं की ओल्या मातीचा वास. स्ट्रेप्टोमायसीस या मातीतल्या जिवाणूंच्या कुळातलाच कुणीतरी मिळाला, एवढं नक्की. आणि घाई नेमकी इथेच होते: ‘स्कॅबचा जिवाणू आढळला’ असं लिहून माणूस मोकळा होतो.

खरं तर त्या डिशमध्ये दोन वेगळे जिवाणू शेजारी शेजारी वाढत असू शकतात. एकाने खपली केली. दुसरा खपली झाल्यावर मेलेल्या सालीवर पोट भरायला आला. मातीत गर्दी असते ती या दुसऱ्याचीच. तो मातीचा वास देणारं जिओस्मिन दोघेही बनवतात, आणि स्ट्रेप्टोमायसिन हे औषध 1943 मध्ये मिळालं तेही याच कुळातल्या एका निरुपद्रवी भावंडाकडून.

(खपली पावडरी स्कॅबची नाही ना, हे आधी बघून घ्यावं. तो रोग जिवाणूचा नाहीच, स्पाँगोस्पोरा नावाच्या वेगळ्याच सूक्ष्मजीवाचा आहे. फुटलेल्या फोडाच्या कडेला सालीची फाटकी किनार आणि आत तपकिरी पूड असते. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात स्पंजासारखे बीजाणूंचे गोळे दिसतात. शिवाय त्याला थंड, ओली जमीन मानवते, तर साधा स्कॅब कंद धरताना माती कोरडी राहिली की वाढतो. निदान चुकलं तर पाण्याचा सल्लाही उलटा जातो.)

आता त्या दोघांकडे. जुनी ओळखपद्धत रंगरूपावर चालायची. स्ट्रेप्टोमायसीस स्कॅबीसचे बीजाणू राखाडी, साखळ्या स्प्रिंगसारख्या वळलेल्या, आणि टायरोसीन (एक अमिनो आम्ल) घातलेल्या वाढीच्या माध्यमात तो तपकिरी-काळं मेलॅनिन सोडतो. वर्णन बरोबर आहे, पण ते मातीतल्या अनेक निरुपद्रवी जातींनाही लागू पडतं. उलट आम्लधर्मी जमिनीत स्कॅब करणारा स्ट्रेप्टोमायसीस ॲसिडिस्कॅबीस मेलॅनिन बनवत नाही आणि त्याच्या साखळ्याही स्प्रिंगसारख्या नसतात. म्हणजे नुसत्या रंगावर गेलं तर निरपराध अडकतो आणि खरा दोषी सुटतो.

फरक आहे तो विषाचा. रोलँड थॅक्स्टर यांनी 1890 च्या सुमारास या रोगामागचा सूक्ष्मजीव दाखवून दिला. त्यांच्याच नावावरून या विषाला थॅक्स्टोमिन म्हणतात. ते वाढत्या पेशींच्या भिंतीत सेल्युलोज बनू देत नाही. पेशी फुगतात, मरतात, आणि बटाटा जखमेभोवती बुचासारखा थर चढवत जातो. तीच आपल्याला दिसणारी खपली. साल पक्की झालेल्या कंदाला नव्याने लागण होत नाही, त्याचंही कारण हेच, की विष वाढत्या पेशींवर चालतं.

थॅक्स्टोमिन ए बनवायला txtA आणि txtB ही जनुकं लागतात (उच्चारी ‘टीएक्सटी-ए’ आणि ‘बी’). म्हणून पीसीआरने (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती वाढवून तो शोधणाऱ्या चाचणीने) आधी हीच शोधावीत, असं माझं मत. जिवाणूंची ओळख पटवायला वापरतात त्या 16एस जनुकाचा क्रम वाचून कुळ कळतं, फार तर जातीचा अंदाज येतो. विष कळत नाही. त्यात गंमत अशी की ही जनुकं जातीला चिकटून राहत नाहीत. जपानमध्ये सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसीस टर्जिडिस्कॅबीसमध्ये ती साडेसहा लाखांहून जास्त अक्षरांच्या एका डीएनए-तुकड्यावर बसलेली आहेत, आणि प्रयोगशाळेत हा तुकडा दुसऱ्या जातीत गेल्यावर तो निरुपद्रवी जिवाणूही रोपांना बाधू लागला. जातीचं नाव कळलं म्हणजे दोष ठरला, असं म्हणता येत नाही ते यामुळे. nec1 (नेक-वन) हे जनुकही पूर्वी खूण म्हणून तपासत. पण ते नसलेले रोगकारक जिवाणूही आहेत, त्यामुळे एकट्या त्याच्यावर विसंबू नये.

नमुना कुठून घेतला यावरही बरंच ठरतं. जुनाट, खडबडीत खपली खरवडली की पाहुणेच जास्त हाती लागतात. ताजी खपली निवडावी, बटाटा धुऊन वरून निर्जंतुक करावा, साल अलगद उचलावी आणि खालचा गवती रंगाचा, किंचित पारदर्शक भाग घ्यावा.

पीसीआर ‘हो’ म्हणालं तरी जनुक असणं आणि विष बनणं यात अंतर आहे. मेलेल्या जिवाणूचा डीएनएही ‘हो’ म्हणतो. म्हणून शुद्ध वसाहत मुळ्याच्या कोवळ्या रोपांवर किंवा बटाट्याच्या चकतीवर लावून बघतात. दोषी असेल तर रोपं खुरटतात, चकती तपकिरी पडून करपते. काहीच झालं नाही तर लगेच निर्दोष ठरवू नका, आधी माध्यम तपासा. ग्लुकोज भरपूर असेल तर हा जिवाणू विष बनवणं आवरतं घेतो. ओटच्या कोंड्याच्या माध्यमावर वाढवून चाचणी पुन्हा लावा. कोंड्यातल्या सेल्युलोजच्या तुकड्यांची चाहूल लागली की तो कामाला लागतो.