सशाला मागे ठेवून गावाला जाताय? आधी त्याचं आतडं समजून घ्या

मे महिना आला की सशावाल्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो, आम्ही दोन दिवस गावाला चाललोय, पिंजऱ्यात गाजरं आणि वाटीभर दाणे ठेवले तर चालेल ना? आणि त्यावर कोणीतरी छातीठोकपणे सांगणार की पाणी अजिबात ठेवू नका, ससा पाणी प्यायला की मरतो. हे पाण्याचं खूळ तर आधी डोक्यातून काढाच. सशाला दिवसाला किलोमागे साधारण 50 ते 150 मिली पाणी लागतं, म्हणजे दोन किलोचा ससा उन्हाळ्यात पाव लिटर आरामात संपवतो. भरपूर ओला पाला खाणारा ससा वेगळं पाणी कमी पितो, त्यावरूनच हा समज पसरला असावा.

पण खरी गोम अन्न किती ठेवलं यात नाहीच, आतडं चालू राहतं की नाही यात आहे. आणि ही सिस्टीम इतकी भारी आहे की थोडं सविस्तर सांगतोच.

गवत पोटातून आणि लहान आतड्यातून पुढे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला आलं की तिथे त्याची वाटणी होते. साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा मोठे तंतू सरळ पुढे जातात आणि त्यांच्या त्या कोरड्या गोल लेंड्या होतात. बारीक कण आणि पाणी मात्र आतड्याच्या उलट्या लाटा मागे ढकलतात, ते जातं अंधनालात, म्हणजे सीकममध्ये, जे सशाच्या पोटापेक्षा कितीतरी मोठं असतं. तिथे जिवाणू ते आंबवतात, त्यातून फॅटी ॲसिड्स आणि बी जीवनसत्त्वं तयार होतात. मग काही तासांनी तेच आतडं मोड बदलतं आणि अंधनालातला माल बुळबुळीत आवरणात गुंडाळून बाहेर येतो, द्राक्षाच्या घडासारखा मऊ, आणि ससा तो तोंड लावून थेट गुदद्वारातूनच खातो, बहुतेक वेळा न चावता. किळस करू नका, त्याच्या पोषणाचा महत्त्वाचा भाग त्यातच आहे. मोरो नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने 1882 मध्येच याचं वर्णन केलं होतं.

आता यात लांब तंतूंचं काम काय? पोषण फारसं नाही, धक्का देणं. ते सतत येत राहिले तरच आतडं आकुंचन पावत राहतं. सुकं गवत संपलं आणि नुसतं गाजर, बिस्किट, दाणे उरले की वेग मंदावतो, आतला माल कोरडा पडतो, साखर आणि स्टार्चवर नको ते जिवाणू फोफावतात, गॅस धरतो, पोट दुखतं, दुखतं म्हणून ससा खात नाही आणि खात नाही म्हणून आतडं अजून मंदावतं. बरं, सशाला उलटी करता येत नाही. बारा तास काहीच खाल्लं नाही तर ती इमर्जन्सी समजायची. आपण परत येतो तेव्हा ससा गेलेला असतो आणि घरातलं कोणी म्हणतं, त्याने आपल्यावरचं संकट स्वतःवर घेतलं. कसलं संकट, गवत संपलं होतं!

म्हणून सुकं गवत त्याच्या अंगाएवढा ढीग दिवसाला, आणि वर थोडं जास्तच. ऑनलाइन मिळणारे स्मार्ट फीडर पेलेट्स, म्हणजे खाद्याच्या दाबून केलेल्या गोळ्या टाकतात, गवत नाही, त्यामुळे त्यांच्या जाहिरातींवर जाऊ नका. पाण्याचं एक जड भांडं आणि एक बाटली, दोन्ही ठेवा, कारण बाटलीच्या नळीतली गोळी अडकली की थेंब येत नाही. बाटली पूर्ण भरून सावलीत लावा, अर्धवट बाटली दुपारी तापली की आतली हवा प्रसरण पावते आणि पाणी ठिबकून जातं. तापमान 30 अंशांच्या वर जाणार असेल तर खोली थंड ठेवायची सोय हवीच, नुसता पंखा पुरत नाही, कारण सशाला घाम येत नाही.

एवढं करूनही दिवसातून दोनदा कोणीतरी येऊन बघायलाच हवं, आणि नुसतं भांड्याकडे नाही, लेंड्यांकडे. लेंड्या लहान झाल्या किंवा बंद झाल्या तर लगेच ससे बघणाऱ्या डॉक्टरकडे. शेजाऱ्यांना हेही सांगून ठेवा की घरातली अमॉक्सिसिलिनची गोळी कुटून पाजू नका, तोंडावाटे दिलेली ती अँटिबायोटिक्स अंधनालातले चांगले जिवाणू मारतात आणि त्यानेच ससा दगावू शकतो.