जे-कोड : कर्करोगाच्या इंजेक्शनांचा अमेरिकी हिशेब

अमेरिकेत १९६५ च्या कायद्याने सुरू झालेल्या मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याने घरी स्वतः घ्यायची औषधे बहुतांशी वगळली होती. डॉक्टरांच्या दवाखान्यात दिले जाणारे इंजेक्शन मात्र त्यांच्या सेवेचाच भाग मानून त्याचा खर्च उचलला. अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेचे १९६६ चे कोड, म्हणजे बिलात लिहायचे ठरावीक संकेतांक, डॉक्टरांचे काम मोजण्यासाठी होते, औषध मोजण्यासाठी नव्हते. पुढे १९७८ पासून उभ्या राहिलेल्या, कोडर (उपचारांची नोंद बिलाच्या कोडमध्ये बदलणारे) ज्याला ‘हिकपिक्स’ (HCPCS) म्हणतात त्या संचात औषधांना ‘जे’ हे अक्षर मिळाले आणि ‘जे९’ ने सुरू होणारे आकडे केमोथेरपीच्या वाट्याला आले.

या कोडमध्ये औषधाइतकेच त्याचे एकक महत्त्वाचे असते. जे९०३५ म्हणजे बेव्हासिझुमॅब या कर्करोगावरील औषधाचे १० मिलिग्रॅम. रुग्णाला ४०० मिलिग्रॅम दिले, तर विम्याच्या दाव्यावर ४० एकके लिहायची. पुण्या-मुंबईत बसून अमेरिकी दावे तपासणाऱ्या कोडरची चूक होते ती बहुधा इथेच.

एकक ठरले तरी दर कोणता, हा खरा वाद होता. १९९८ पासून मेडिकेअर छापील सरासरी घाऊक किमतीच्या ९५ टक्के देत असे, पण दवाखान्यांची प्रत्यक्ष खरेदी त्याहून बरीच स्वस्त पडे आणि मधला फरक डॉक्टरांकडे राहत असे. प्रोस्टेटच्या कर्करोगावरील ल्युप्रॉनच्या प्रकरणात तर डॉक्टरांनी फुकट नमुन्यांचेही बिल लावले; निर्माती टॅप कंपनी २००१ मध्ये ८७.५ कोटी डॉलर भरण्यास तयार झाली. अखेर २००३ च्या कायद्याने छापील किंमत बाजूला सारली आणि २००५ पासून सरासरी विक्री किंमत अधिक ६ टक्के हा दर आला. औषध जितके महाग, तितके हे ६ टक्केही मोठे. ही खोच मात्र तशीच राहिली.

पुढे लक्ष गेले ते कुपीत उरणाऱ्या औषधाकडे. रिटुक्सिमॅब या कर्करोगावरील औषधाचा १०० मिलिग्रॅमचा जुना कोड २०१९ मध्ये जाऊन १० मिलिग्रॅमचा जे९३१२ आला, त्यामुळे मोजणी बारीक झाली. टाकून दिलेल्या भागासाठी कोडपुढे लावायची ‘जेडब्ल्यू’ ही दोन अक्षरांची जोड २०१७ पासून सक्तीची होतीच. २०२१ च्या कायद्याने, एकाच मात्रेच्या कुपीतील १० टक्क्यांहून अधिक औषध वाया जात असेल, तर त्यावरच्या रकमेचा परतावा सर्वसाधारणपणे उत्पादकाकडून घेण्याची तरतूद झाली. जुलै २०२३ पासून अशा कुपीतले काहीच वाया गेले नसेल, तर तेही ‘जेझेड’ लिहून सांगावे लागते.