रॉडच्या पिनभोवतीची जागा रोज घासायची की नाही, हा गोंधळ आला कुठून

मोडलेलं हाड धरून ठेवायला त्वचेतून हाडात पिना घालून पायाला बाहेरून रॉड लावले की घरी सोडताना पिनांची जागा स्वच्छ ठेवा एवढं सगळेच सांगतात, पण कशी ठेवायची म्हटलं की एक सिस्टर बेटाडीन सांगते, दुसरी नुसतं सलाईन, आणि बाजूच्या बेडवाल्याला कुणीतरी हायड्रोजन पेरॉक्साइड दिलेलं असतं. घरच्यांनी ऐकायचं कुणाचं? हा गोंधळ आजचा नाही, खूप जुना आहे.

मुळात हाड आणि बाहेरची हवा यांचा संबंध आला की पू, आणि पू झाला की पाय कापायचा, हीच एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रीत होती. 1865 मध्ये ग्लासगोला जोसेफ लिस्टरने गाडीच्या चाकाखाली पाय सापडलेल्या 11 वर्षांच्या मुलाची जखम जंतू मारणाऱ्या कार्बोलिक ॲसिडने झाकली, हाड बाहेर आलेलं असूनही पाय वाचला, आणि मग कुठे डॉक्टरांना हाडात मुद्दाम स्क्रू घालून ते बाहेर ठेवायची हिंमत आली. 1897 च्या सुमारास अमेरिकेत डेन्व्हरचा सर्जन पार्कहिल, 1902 मध्ये बेल्जियमचा सर्जन लॅम्बोट, मग ट्रॅक्शनसाठी, म्हणजे मोडलेलं हाड ओढून धरण्यासाठी, स्टाइनमनची पिन आणि किर्शनरची वायर, हे सगळं दहाबारा वर्षांत आलं. लक्षात घ्या, तेव्हा पेनिसिलिनसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धात असे फिक्सेटर, म्हणजे पिना आणि बाहेरचे रॉड, बऱ्याच जखमी सैनिकांना लावले गेले आणि तिथेच पद्धतीचं नाव खराब झालं. पिना ढिल्या व्हायच्या, भोवती पू व्हायचा, हाडापर्यंत इन्फेक्शन जायचं, त्यामुळे अमेरिकेत पुष्कळ सर्जननी त्याचा नादच सोडला. दोष यंत्राला दिला गेला, पिन घातली कशी आणि नंतर त्वचा सांभाळली कशी याकडे फार कमी लोकांनी बघितलं, आणि मला वाटतं खरी चूक तिथे झाली.

याच्या उलट गोष्ट सायबेरियातल्या कुर्गानची. 1951 पासून सर्जन इलिझारोव्ह तिथे रॉडऐवजी पायाभोवती रिंग आणि हाडातून बारीक ताणलेल्या वायरी वापरत होते. उंच उडीतला ऑलिम्पिक विजेता व्हॅलेरी ब्रुमेल मोटरसायकल अपघातानंतर त्यांच्याकडे गेला तेव्हा सोव्हिएत रशियात नाव झालं, आणि 1980 मध्ये इटलीचा गिर्यारोहक कार्लो माउरी पाय बरा करून परत आल्यावर पश्चिमेकडच्या डॉक्टरांचे डोळे उघडले. कुर्गानची काळजी ऑपरेशनच्या टेबलावरच सुरू व्हायची: ड्रिलने हाड तापू द्यायचं नाही, आत रक्त साठू द्यायचं नाही, वायर स्पिरिटच्या गॉजने धरायची, आणि नंतर भोवती घट्ट दाबून ड्रेसिंग, जे सारखं सारखं उघडायचं नाही.

दाबून का, तर त्वचा पिनवर वरखाली सरकली की छिद्र मोठं होतं, पाणी येतं आणि त्वचेवर एरवीही असणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंना आत जायला वाट मिळते. म्हणूनच मांडीसारख्या मांसल जागी त्रास जास्त, नडगीच्या पुढच्या बाजूला कमी. आणि तापण्याचं म्हणाल तर 1983 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी सशांवर दाखवलं की 47 डिग्रीला एक मिनिट राहिलं तरी हाडाला इजा होते. मेलेल्या हाडात पिन ढिली होणारच, मग बाहेरून कितीही पुसा.

आपल्याकडे मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशींनी जेस ही बाहेरून पिना आणि रॉड लावायची हलकी स्वस्त पद्धत काढली, वाकड्या पावलांच्या लहान मुलांसाठी ती खूप वापरली गेली, आणि अशा मुलांची पिनांची काळजी घरी शेवटी आईच्याच हातात येते, म्हणून सूचना साधी आणि एकच असणं फार गरजेचं.

पेरॉक्साइडने दिवसातून दोनतीनदा घासायची सवय वॉर्डावॉर्डात बरीच वर्षं चालली, पण ते चांगल्या पेशींनाही मारतं हे लक्षात आल्यावर मागे पडत गेलं. 2005 मध्ये अमेरिकेतल्या ऑर्थोपेडिक नर्सेसच्या संघटनेने सांगितलं की पहिले 48 ते 72 तास गेले आणि पिन घट्ट असेल तर आठवड्यातून एकदा क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने साफ करणं पुरतं. पण झालेले अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात 2004 ला आणि परत 2013 ला हेच निघालं की अमुकच पद्धत श्रेष्ठ म्हणायला पुरेसा पुरावा नाही. खपली काढायची की राहू द्यायची यावर तर अजूनही दोन गट आहेत, म्हणून ज्यांनी पिन घातली त्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्या, आणि लाली वाढली, ठणका लागला, पू आला किंवा पिन हलतेय असं वाटलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता सरळ दाखवायला जा.