नगामागे घट आणि एकूण घट

मोठ्या उद्योगांच्या शाश्वतता अहवालात एक वाक्य हमखास असतं: "दर टन उत्पादनामागे आमचं कार्बन उत्सर्जन ३० टक्क्यांनी कमी झालं." त्याची बातमी होईपर्यंत पहिले तीन शब्द गळतात आणि 'उत्सर्जनात ३० टक्के घट' एवढंच उरतं. बहुतेकांना दोन्ही विधानं एकच वाटतात.

हिशेब शाळकरी आहे. समजा, एक कारखाना १०० टन पोलाद करायचा आणि टनामागे २ टन कार्बन डायऑक्साइड सोडायचा. एकूण झाले २०० टन. नव्या भट्टीमुळे टनामागचं उत्सर्जन १.४ टनांवर आलं. माल स्वस्त पडू लागला, मागणी वाढली, उत्पादन २०० टनांवर गेलं. एकूण उत्सर्जन आता २८० टन. नगामागे ३० टक्के घट आणि एकूणात ४० टक्के वाढ, दोन्ही आकडे खरे, कोणी खोटं बोललेलं नाही. वातावरणापर्यंत मात्र दुसराच आकडा पोचतो. तांत्रिक भाषेत पहिल्याला उत्सर्जन तीव्रतेतली घट म्हणतात, दुसरी ती निरपेक्ष घट.

खासगी उद्योग पहिली घट कुणी न सांगताही घडवून आणतो, कारण तिच्यात नफा आहे. याचं सगळ्यात सुंदर उदाहरण अडीचशे वर्षं जुनं आहे. न्यूकोमेनचं वाफेचं इंजिन १७१२ पासून खाणींतलं पाणी उपसत होतं, पण त्याची कोळशाची भूक अफाट. जेम्स वॉटने वाफ थंड करण्यासाठी वेगळं कंडेन्सर जोडलं आणि १७६९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन हा पक्का व्यापारी. या जोडीने खाणमालकांकडून पैसे कसे घेतले, तर जुन्या इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश! कॉर्नवॉलच्या कथील आणि तांब्याच्या खाणींना कोळसा वेल्समधून समुद्रमार्गे आणावा लागे, त्यामुळे तिथे हा सौदा लगेच पटला. वाचलेल्या ऊर्जेतला वाटा घेऊन चालणाऱ्या आजच्या ऊर्जा सेवा कंपन्यांचं व्यवसायसूत्र हेच आहे.

म्हणजे बचत हाच या धंद्याचा माल होता. तरीही ब्रिटनचा कोळशाचा एकूण खप पुढच्या शतकात वाढतच गेला. कमी कोळशात चालणारं इंजिन खाणीबाहेर पडलं, गिरण्यांत आणि लोखंडाच्या कारखान्यांत शिरलं. वाफेची यंत्रं आणखी सुधारली तशी रेल्वेही आली. १८६५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी नेमकं यावर बोट ठेवलं: इंधन काटकसरीने वापरलं म्हणजे त्याचा खप घटेल ही समजूत चुकीची आहे, घडतं ते उलट.

जेव्हन्सचा दाखला हल्ली फार सैल हाताने दिला जातो, हेही सांगायला हवं. कार्यक्षमता वाढली की खप वाढतोच, असा नियम नाही. साठ वॅटचा दिवा काढून नऊ वॅटचा एलईडी लावणारं घर तो दिवा सातपट वेळ जाळत बसत नाही. बचतीचा काही भाग नव्या वापरात जातो, बाकीचा हाती राहतो. सगळी बचत गिळली जाते ती मागणीला अजून तळ लागलेला नसतो तिथे. वॉटच्या काळात यांत्रिक शक्तीची मागणी तशी होती. आज संगणनाची आहे.

डेटा सेंटरांच्या इतिहासात दोन्ही प्रकार पाहायला मिळतात. २०१० ते २०१८ या काळात जगभरातल्या डेटा सेंटरांचं काम सुमारे साडेसहापट झालं, पण त्यांची वीज जेमतेम ६ टक्क्यांनी वाढली. चिप सुधारल्या, एकाच सर्व्हरवर अनेकांचं काम चालू लागलं, थंड ठेवण्याचा खर्च उतरला. खासगी तंत्रज्ञानाची ही कामगिरी खरोखर थक्क करणारी आहे. पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ टेरावॅट-तास, म्हणजे जगाच्या विजेच्या साधारण दीड टक्का वीज वापरली आणि २०३० पर्यंत हा आकडा दुपटीहून पुढे जाईल. चिप सुधारायच्या थांबल्या म्हणून हे घडलं का? मुळीच नाही. मागणी त्यांच्यापेक्षा वेगाने धावली.

एकूण घट मग होते कशाने? जिथे ती झाली, तिथे बहुधा एकूण आकड्यालाच कुणीतरी कुंपण घातलेलं असतं. आम्लवर्षावाला आळा घालण्यासाठी अमेरिकेने १९९० मध्ये कायदा बदलला आणि वीज केंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडवर एकूण टनांची मर्यादा आणली. उत्सर्जनाचे परवाने वाटले, त्यांची खरेदी-विक्री खुली ठेवली आणि ते साधायचं कसं हे कंपन्यांवर सोडलं. कुणी धूर धुणारी संयंत्रं बसवली, कुणी कमी गंधकाचा कोळसा मागवला. १९९५ पासून बाजार चालू झाला आणि आधी वर्तवलेल्या खर्चाहून बऱ्याच कमी पैशांत काम झालं. नवोन्मेष इथेही खासगीच होता. फरक एवढाच, की त्याला सोडवायला दिलेलं कोडं वेगळं होतं. ओझोनचा थर विरळ करणाऱ्या सीएफसी वायूंबाबतही तेच. १९८७ च्या माँट्रियल कराराने 'दर फ्रीजमागे कमी वायू' असं उद्दिष्ट ठेवलं नाही, उत्पादनालाच उतरती कमाल मर्यादा घातली. कायद्याच्या बंधनांना आधी विरोध करणाऱ्या ड्यूपाँ या सीएफसी बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीने १९८८ मध्ये सीएफसी बंद करण्याची घोषणा केली आणि पर्यायांची शर्यत सुरू झाली. त्या पर्यायांतले एचएफसी ओझोनला निरुपद्रवी, पण त्यांतले कितीतरी कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक तापवणारे निघाले. मग त्यांच्यासाठी २०१६ मध्ये याच करारात किगाली दुरुस्ती करावी लागली.

यावरून 'नगामागे' हा आकडाच फसवा, असं ठरवून टाकणं मात्र चूक होईल. दोन सिमेंट कारखान्यांत कोण बरं, हे एकूण आकड्यावरून कळूच शकत नाही, कारण लहान कारखाना आळशी असूनही कमी सोडेल. रॉकेलच्या दिव्याखाली अभ्यास करणाऱ्या मुलीच्या घरात वीज आली, तर तिथला विजेचा वापर वाढणं हाच विकास आहे. तिथे प्रत्येक युनिटमागे काय जळतं, हाच विचारण्याजोगा प्रश्न. आणि सौर पॅनेल बनवणारी कंपनी झपाट्याने वाढली तर तिचं स्वतःचं एकूण उत्सर्जन वाढेल, तरी तिच्या पॅनेलांनी कोळशाची वीज हटवली तर जगाचं घटेल. एकूण घटीची अट जगाला आणि देशाला लावणं सरळ आहे. एका कंपनीला लावताना ती काय विकते तेही पाहावं लागतं.

गोंधळ वरच्या पातळीवरही आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या १७ शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी नववं उद्योग, नवोन्मेष आणि पायाभूत सुविधांचं. स्वच्छ तंत्रज्ञानाबद्दलचं त्यातलं लक्ष्य ९.४ मोजायचं कशावर, तर मूल्यवृद्धीच्या (म्हणजे उद्योगाने कच्च्या मालात घातलेल्या किमतीच्या) प्रत्येक एककामागच्या कार्बन डायऑक्साइडवर. हा नगामागचाच हिशेब. जगाची ही तीव्रता कित्येक दशकं घसरते आहे आणि तरीही जीवाश्म इंधनांपासूनचं एकूण उत्सर्जन १९९० च्या तुलनेत ६० टक्क्यांहून अधिक वाढलं आहे.

अहवाल हातात आला की माझी नजर आधी छेदावर जाते. छेदात टन असतील तर ठीक, आकड्याला काही अर्थ आहे. तिथे महसूल असेल तर सावध व्हावं: पोलादाचा भाव चढला की भट्टीला हात न लावताही 'महसुलाच्या प्रत्येक कोटीमागचं उत्सर्जन' घटतं. महागाईसुद्धा अशी कंपनी हिरवी करून दाखवू शकते. दुसरी जागा हिशेबाच्या कुंपणाची, म्हणजे कोणतं उत्सर्जन मोजलं आणि कोणतं बाहेर ठेवलं याची. मोटारींचा कारखाना पूर्ण सौर विजेवर चालत असेल, पण त्यातून बाहेर पडणाऱ्या पेट्रोल गाड्या आयुष्यभर जे जाळतील ते कारखान्याच्या हिशेबात येत नाही. स्वतःचा धूर 'स्कोप १', विकत घेतलेल्या विजेचा 'स्कोप २', आणि हे 'स्कोप ३' नावाच्या वेगळ्या रकान्यात जातं आणि पुष्कळ अहवालांत तो रकाना रिकामा किंवा तळटीपेत असतो. जून २०२३ मध्ये आलेलं आयएफआरएस एस-२ हे कंपन्यांच्या हवामानविषयक अहवालांचं आंतरराष्ट्रीय मानक म्हणूनच तिन्ही स्कोपचं एकूण उत्सर्जन टनांत मागतं, दर नगामागचा आकडा कितीही देखणा असला तरी.