उत्तरातले तीन बाइट

कॉम्प्युटरला एखादं यंत्र जोडलं की लगेच त्याची चौकशी सुरू होते. तू कोण, तुझी आवृत्ती कोणती, मेमरी किती, एका वेळी किती कामं पेलशील? ग्राफिक्स कार्डाला तर असे डझनावारी प्रश्न विचारले जातात. प्रोग्रॅम मात्र यंत्राशी थेट बोलू शकत नाही. मध्ये ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल बसलेला असतो, आणि कर्नलच्या आत त्या यंत्राची भाषा जाणणारा ड्रायव्हर. प्रश्न ड्रायव्हरकडे जातो आणि उत्तरही तोच देतो.

ड्रायव्हर लिहिणाऱ्याला हे काम फार कंटाळवाणं वाटतं. इथे काही बदलायचं नाही, काही पुसायचं नाही, माहिती तेवढी सांगायची. खरी हुशारी डेटा वेगाने हलवण्यात किंवा वीज वाचवण्यात लागते. माहिती सांगणारा कोड शेवटच्या दिवशी उरकला जातो. गंमत म्हणजे कर्नलमधली गुपितं बाहेर पडायला हीच वाट सोयीची ठरत आली आहे.

एक छोटं उदाहरण घेऊ. उत्तरात दोनच गोष्टी द्यायच्या आहेत: यंत्राचा प्रकार, जो एका बाइटात मावतो, आणि मेमरीच्या कप्प्यांची संख्या, जिला चार बाइट लागतात. एक आणि चार मिळून पाच. पण सी भाषेचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड प्रोसेसरच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, या रचनेला आठ बाइट देतो. चार बाइटांची संख्या चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावर बसलेली असली की प्रोसेसरला ती सहज उचलता येते, म्हणून कंपायलर मध्ये तीन बाइटांची फट सोडतो. या फटीला कोडमध्ये नाव नसतं आणि ती डोळ्यांना दिसतही नाही. ड्रायव्हर दोन रकाने इमानदारीने भरतो आणि आठच्या आठ बाइट प्रोग्रॅमच्या हवाली करतो.

मग त्या फटीत काय असतं? त्या जागी आधी जे काही लिहिलं गेलं असेल ते. पाटी न पुसता तिच्यावर दोन आकडे लिहावेत आणि पाटीच समोरच्याच्या हातात द्यावी, तसा हा प्रकार. कर्नलचं काम सतत त्याच त्याच जागा वापरून चालतं. क्षणापूर्वी तिथे दुसऱ्याच कुठल्या कामाचा हिशेब असेल, एखाद्या पत्त्याचा तुकडा असेल, कुणाच्या गुप्तलेखनाच्या किल्लीचे बाइट असतील. तीन बाइट म्हणजे किरकोळ वाटतात खरे. पण हाच प्रश्न लाख वेळा विचारायला कुणाची बंदी नसते, आणि प्रत्येक वेळी आधी दुसरं काहीतरी करायला लावून पाटीवर काय उरेल हेही काही प्रमाणात ठरवता येतं.

यातला पत्त्याचा तुकडा सर्वांत मोलाचा. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल दर वेळी सुरू होताना मेमरीत स्वतःची जागा चिठ्ठी टाकल्यासारखी निवडतो. ही सोय २०१४ मध्ये आली आणि इंटेल-एएमडी प्रोसेसरांवर २०१७ पासून ती आपोआप चालू असते. हल्लेखोराला कर्नलमध्ये एखादी चूक सापडली, तरी नेम धरायचा कुठे हे त्याला कळू नये, हा त्यामागचा विचार. पण कर्नलचा मुख्य कोड एकाच अंतराने सरकतो. त्यातला एक पत्ता फुटला की वजाबाकी करून बाकीचे सगळे काढता येतात. म्हणूनच २०१८ च्या जानेवारीत आलेल्या ४.१५ आवृत्तीपासून कर्नलच्या संदेशांत पत्ता छापायचा झाला तर खऱ्या पत्त्याऐवजी त्यापासून काढलेली एक निरुपयोगी संख्या छापली जाते. पत्ते छापण्याची सवय हजारो ठिकाणी इतकी मुरलेली होती की एकेक जागा शोधून दुरुस्त करण्यापेक्षा छापणाऱ्यालाच बदलणं सोपं पडलं.

फटीवरचा उपाय वरवर सोपा आहे: आधी सगळी जागा शून्याने भरा, मग रकाने लिहा. इथेही एक खाच आहे. रचना जाहीर करतानाच महिरपी कंसात शून्य लिहिलं की काम झालं, असं बरेच जण मानतात. सी भाषेच्या जुन्या नियमांनुसार मात्र ही हमी रकान्यांपुरती असते, फटींपुरती नाही. कंपायलरने फट तशीच ठेवली तर त्याला दोष देता येत नाही. त्यामुळे अनुभवी मंडळी फटीला सरळ नाव देतात. तीन बाइटांचा एक भरताडीचा रकाना स्वतःच लिहायचा आणि त्यात शून्य घालायचं. न दिसणारी गोष्ट दिसायला लागली की ती विसरली जात नाही. काहीच न लिहिता तशीच राहिलेली मेमरी बाहेर चालली की ओरडणारं एक तपासणी साधनही २०२२ च्या डिसेंबरमध्ये ६.१ आवृत्तीबरोबर लिनक्समध्ये आलं. ते कर्नलला इतकं मंद करतं की रोजच्या वापरात चालवता येत नाही, पण चाचणीच्या यंत्रांवर त्याचं चीज होतं.

आता एक घडलेली गोष्ट. लिनक्समध्ये यंत्रांची माहिती देण्याचा एक सुटसुटीत मार्ग आहे, सिसएफएस. यंत्राच्या प्रत्येक गुणधर्माची एक फाइल असते आणि ती उघडून वाचली की त्या क्षणी ड्रायव्हर उत्तर लिहून देतो. एका फाइलीत एकच माहिती, हा तिथला दंडक. उत्तर लिहायला कर्नल मेमरीचं एक पान देतो, बहुतेक यंत्रांवर ४०९६ बाइटांचं. एका आकड्यासाठी हे पान म्हणजे मैदान, म्हणून बहुतेक ड्रायव्हर लांबी न तपासता बिनधास्त लिहीत आले.

नेटवर्कवरून लांबची डिस्क जोडणाऱ्या आयस्कझी या पद्धतीच्या कोडमध्ये २००६ पासून असंच चाललं होतं. तिथली काही उत्तरं म्हणजे मजकूर होता आणि तो मजकूर वेगळ्या वाटेने बाहेरूनच ठरवता येत होता. त्या वाटेवर लांबीला आवर नव्हता आणि विचारणारा कोण याची नीट तपासणीही नव्हती. पानापेक्षा मोठा मजकूर आधी आत ढकलायचा आणि मग ती निरुपद्रवी दिसणारी फाइल नुसती वाचायची. वाचता वाचता ड्रायव्हर पान ओलांडून शेजारच्या मेमरीवर लिहीत सुटायचा. एवढ्यावरच थांबलं नव्हतं. त्याच कोडमध्ये दुसरी एक माहितीची फाइल होती आणि तिच्यातून कर्नलमधल्या एका रचनेचा खराखुरा पत्ता कुणालाही वाचायला मिळत होता. म्हणजे नेम कुठे धरायचा हे एका उत्तरातून कळायचं आणि घाव दुसऱ्या उत्तरातून बसायचा. ही सगळी चूक २०२१ च्या मार्चमध्ये, पंधरा वर्षांनी, उघडकीला आली. पान न ओलांडणारं लेखनाचं सुरक्षित फंक्शन त्याच्या थोडंच आधी, डिसेंबर २०२० च्या ५.१० आवृत्तीत आलं होतं.

मला यात सगळ्यात बोचतो तो ‘वाचणं’ हा शब्द. वाचण्याने काही बिघडत नाही असं आपण गृहीत धरतो. पण प्रोग्रॅम वाचतो तेव्हा कर्नल लिहीत असतो.

उत्तर किती लांब, हा प्रश्नही दिसतो तितका साधा नाही. ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीचे विभाग एका यंत्रात दोन असतील, दुसऱ्यात दहा. मग ठरावीक आकाराचा रकाना पुरत नाही. त्यावर ग्राफिक्स ड्रायव्हरांत एक रीत रुळली आहे, दोन खेपांची. पहिल्या खेपेला प्रोग्रॅम लांबी शून्य सांगतो आणि ड्रायव्हर किती जागा लागेल तेवढंच कळवतो. प्रोग्रॅम तेवढी जागा करतो आणि दुसऱ्या खेपेला खरा माल घेऊन जातो. रीत छान आहे, पण दुसऱ्या खेपेला ड्रायव्हरने पुन्हा मोजलं पाहिजे. मधल्या वेळात यंत्राची स्थिती बदललेली असू शकते, आणि समोरचा प्रोग्रॅम प्रामाणिक आहे असं समजायला काही आधार नसतो.

शिवाय प्रोग्रॅमने सांगितलेली लांबी प्रोग्रॅमच्याच मेमरीत असते. ड्रायव्हरने ती एकदा वाचून तपासली आणि माल देताना पुन्हा तिथूनच वाचली, तर या दोन वाचनांमधल्या निमिषात प्रोग्रॅमचा दुसरा धागा, म्हणजे त्याच वेळी चालणारा त्याचाच दुसरा भाग, तो आकडा बदलू शकतो. तपासला सोळा, वापरला सोळा हजार. २०१६ मध्ये लिनक्सच्या फाइलींचा सारखा मजकूर एकत्र करणाऱ्या कॉलमध्ये, म्हणजे कर्नलकडे काम मागण्याच्या ठरलेल्या वाटेत, हीच चूक सापडली होती. जागा घेतली ती पहिल्या आकड्यावरून आणि पुढचं काम झालं ते दुसऱ्या वाचनात आलेल्या आकड्यावरून. नियम एका ओळीचा आहे: बाहेरचा आकडा एकदाच आत आणायचा आणि पुढे आपलीच प्रत वापरायची. तरीही तो मोडला जातो, कारण कोड वाचताना दोन्ही वाचनं निर्दोष दिसतात.

इतकं करूनही प्रोसेसर दगा देऊ शकतो. २०१८ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या स्पेक्टर हल्ल्याने दाखवून दिलं, की ‘क्रमांक मर्यादेत आहे का’ या तपासणीचा निकाल येण्याआधीच प्रोसेसर अंदाजाने पुढचं पाऊल टाकतो आणि मर्यादेबाहेरची जागा वाचून बसतो. नंतर तो चूक मागे घेतो, पण त्याच्या कॅश नावाच्या जलद मेमरीत खुणा राहतात. म्हणून ‘पाचव्या क्रमांकाच्या सेन्सरची माहिती द्या’ अशा प्रश्नातला पाच हा आकडा आता तपासून भागत नाही. अंदाजाच्या वाटेवरही तो मर्यादेतच राहील असा दाबून बसवावा लागतो.

यंत्र मध्येच उपटून काढलं तर काय, हा प्रश्न यूएसबीने रोजचा करून टाकला. फाइल उघडी आहे, प्रश्न वाटेत आहे आणि उत्तर देणारं यंत्र जागेवर नाही. वापरणारे किती उरले याची मोजदाद ठेवायची आणि शेवटचा बाहेर पडेपर्यंत रचना मोडायची नाही, ही त्यावरची वहिवाट.

याहून अवघड आहे काळाशी जमवून घेणं. यंत्रांना प्रश्न विचारण्याची आयऑक्टल नावाची वाट युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासून चालत आली आहे. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा कडक नियम असा, की कर्नल बदलल्यामुळे आधी चालणारा प्रोग्रॅम बंद पडता कामा नये. त्यामुळे आज घाईत ठरवलेली उत्तराची रचना पुढची वीस वर्षं सांभाळावी लागते. त्यात ३२ बिटांचा जुना प्रोग्रॅम ६४ बिटांच्या कर्नलवर चालतो तेव्हा वेगळीच भर पडते. चार बाइटांचा एक आणि आठ बाइटांचा एक असे दोन रकाने घ्या. ३२ बिटांच्या इंटेल प्रोसेसरसाठी कंपायलर त्यांचे बारा बाइट करतो, ६४ बिटांसाठी सोळा. दोघे एकाच रचनेबद्दल बोलतात आणि एकमेकांना चुकीचं ऐकतात. मोठे रकाने आधी, आकार नेमका लिहिलेला आणि फटींना नावं, एवढं पाळलं तर दुभाष्या लागत नाही.

प्रश्नासोबत येणाऱ्या खुणांची, म्हणजे काम कसं हवं हे सांगणाऱ्या फ्लॅगची, कथा बोधक आहे. फाइल उघडण्याचा जुना ओपन कॉल अनोळखी खुणांकडे काणाडोळा करतो. सुरुवातीला हे सोयीचं वाटलं असेल. परिणाम असा झाला, की नवी खूण आणली तर जुना कर्नल ती न समजताही ‘झालं’ म्हणून मोकळा होतो. २०१३ मध्ये नाव नसलेली तात्पुरती फाइल बनवण्याची खूण आणायची होती, तेव्हा तिच्यात ‘ही फोल्डरच असली पाहिजे’ ही जुनी खूण मुद्दाम मिसळावी लागली, म्हणजे जुना कर्नल अडखळेल आणि चूक कळवेल. युक्ती सुंदर, पण ती करावी लागणं हीच नामुष्की. २०२० मध्ये आलेल्या ओपनच्या नव्या अवतारात अनोळखी खूण सरळ नाकारली जाते आणि प्रोग्रॅम आपल्या रचनेचा आकारही सोबत सांगतो. प्रोग्रॅम जुना आणि रचना आखूड असेल तर कर्नल उरलेले रकाने शून्य धरतो. प्रोग्रॅम नवा आणि रचना लांब असेल, तर जास्तीच्या भागात सगळी शून्यं असतील तरच पुढे जातो. माहिती विचारणारा नवा कॉल लिहिणाऱ्याने यातून उचलायची गोष्ट एकच: भरताडीच्या रकान्यात शून्याशिवाय काही आलं, तर पहिल्या दिवसापासून नकार द्यायचा. आज तिथे कचरा खपवून घेतला, तर उद्या तो रकाना कधीच वापरता येणार नाही.

समजा हे सगळं बिनचूक पाळलं. फटी पुसल्या, लांबी मोजली, खुणा तपासल्या. तरीही एक अडचण उरते, कारण कधीकधी खरं उत्तरच धोकादायक असतं. लिनक्समध्ये संगणकाचं मॉडेल कुणालाही वाचता येतं, पण त्याचा अनुक्रमांक फक्त मुख्य वापरकर्त्याला, कारण अनुक्रमांकावरून माणसाचा माग काढता येतो. हा फरक कुणालाही पटेल. विजेच्या मोजमापाचा धोका मात्र असा वरून दिसणारा नव्हता.

इंटेलचे प्रोसेसर आपण किती ऊर्जा खर्च केली हे स्वतःच मोजतात. लिनक्स तो आकडा मायक्रोज्यूलमध्ये एका फाइलीतून देत असे, कुणालाही. वीज वाचवणाऱ्या साधनांना त्याचा मोठा उपयोग. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ग्रात्स तंत्रविद्यापीठ, बर्मिंगहॅम विद्यापीठ आणि जर्मनीतली सिस्पा संस्था इथल्या संशोधकांनी प्लॅटिपस नावाचा हल्ला जाहीर केला. प्रोसेसर कोणत्या सूचना चालवतो आणि कोणत्या आकड्यांवर, यानुसार ऊर्जा किंचित कमीजास्त होते. पुरेशी मोजमापं गोळा करून त्यांनी गुप्तलेखनाच्या किल्ल्या बाहेर काढल्या. फाइलीतला आकडा बरोबर होता, रचना स्वच्छ होती, एकही बाइट जास्तीचा गेला नव्हता.

दुरुस्ती झाली ती त्या फाइलीच्या वाचनाच्या परवानगीत. आकडा पूर्वीसारखाच सतत वाढत असतो, पण तो वाचायला आता मुख्य वापरकर्त्याचे अधिकार लागतात, आणि पूर्वी कुणालाही न विचारता विजेचा आलेख काढणारे प्रोग्रॅम आधी पासवर्ड मागतात.