पुदुक्कोट्टईची सायकल चळवळ

तमिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास सुरू झालेली, ग्रामीण स्त्रियांनी सायकल शिकण्याची सामूहिक मोहीम. ‘अरिवोळी इयक्कम’ या साक्षरता अभियानातून ती उभी राहिली. केरळचा एर्नाकुलम जिल्हा १९९० मध्ये संपूर्ण साक्षर जाहीर झाल्यावर देशभर अशा अभियानांना जोर आला होता. पण अक्षरओळखीबरोबर सायकल शिकवायची, ही कल्पना पुदुक्कोट्टईची, मुख्यतः तत्कालीन जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांची.

कारण अगदी व्यवहारी होते. गावोगाव वर्ग चालवायचे तर कार्यकर्त्यांना बसची वाट पाहावी लागे, नाहीतर भावाला किंवा नवऱ्याला ‘जरा सोडून या’ म्हणावे लागे. चुंकत यांनी आधी कार्यकर्त्यांना सायकल शिकायला लावले, बँकांकडून सायकलखरेदीसाठी कर्जे मिळवून दिली. मग शेतमजूर, दगडखाणीतल्या कामगार, अंगणवाडी सेविका, परिचारिका, शिक्षिका अशा सगळ्याच शिकू लागल्या. सायकलवर गाणी रचली गेली. टोमणे मारणारेही होतेच, मात्र शिकणाऱ्यांची संख्या वाढत गेली तसे ते पुरे पडेनात. ८ मार्च १९९२ च्या महिला दिनी पंधराशेहून अधिक सायकलस्वार स्त्रिया हँडलला झेंडे लावून, घंट्या वाजवत पुदुक्कोट्टई शहरातून गेल्या. पत्रकार पी. साईनाथ यांच्या वृत्तांकनानुसार शिकलेल्या स्त्रियांची संख्या लाखावर, म्हणजे दहा वर्षांवरील ग्रामीण स्त्रियांच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त होती.

लेडीज सायकलींचा तुटवडा पडला तेव्हा बायकांनी जेंट्स सायकली घेतल्या. पुढे काहींना त्याच बऱ्या वाटू लागल्या, कारण सीटपासून हँडलपर्यंतच्या दांडीवर मूल बसवता येई. मागे कॅरियरवर पाण्याची भांडी किंवा बाजारात विकायचा माल. बसची वाट पाहण्यात जाणारा वेळ वाचल्याने एकाहून अधिक गावांत विक्री करून वेळेत घरी परतता येऊ लागले. तरीही हा आर्थिक लाभ दुय्यमच मानावा लागेल. कोणाला न विचारता घराबाहेर पडता येणे ही खरी मिळकत, असे सायकल शिकलेल्या अनेकजणी सांगत.

बिहार सरकारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यास सुरुवात केली. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळतात. या योजनांचा हेतू मुलींची शाळा सुटू नये हा आहे. पुदुक्कोट्टईत मात्र शिकणाऱ्यांत संसारी, कष्टकरी बायकांचा भरणा होता आणि सायकल फुकट नव्हे, कर्ज काढून घ्यायची होती.