पोलादाच्या पोटातला कार्बन

आयात मालाच्या निर्मितीत झालेल्या कार्बन उत्सर्जनावर आकारला जाणारा युरोपीय संघाचा कार्बन सीमाकर 1 जानेवारी 2026 पासून प्रत्यक्ष लागू झाला आणि ‘लांबून आलेला माल म्हणजे अधिक प्रदूषण’ हा जुना समज पुन्हा डोके वर काढू लागला. पोलादाच्या बाबतीत तरी तो खरा नाही. मोठे मालवाहू जहाज एक टन माल एक किलोमीटर नेताना साधारणतः 5 ते 10 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते. त्यामुळे कोकण किनाऱ्यावरून सुवेझमार्गे रॉटरडॅमला गेलेल्या टनभर पोलादाच्या खाती प्रवासाचे फार तर शंभर किलोच्या आसपास पडतात.

खरा भार भट्टीत आहे. लोहखनिज म्हणजे ऑक्सिजनशी घट्ट बांधले गेलेले लोह. झोतभट्टीत कोक, म्हणजे भाजून घेतलेला दगडी कोळसा, जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि तो खनिजातला ऑक्सिजन ओढून घेऊन स्वतः कार्बन डायऑक्साइड बनतो. फेरिक ऑक्साइडच्या एका रेणूतून लोहाचे दोन अणू सुटतात तेव्हा कार्बन डायऑक्साइडचे तीन रेणू बाहेर पडतात. अणुभारांनी मोजले तर 112 टन लोहामागे 132 टन, म्हणजे टनामागे जवळजवळ 1.2 टन. भट्टीतला सगळा वायू असा कामी येत नाही, शिवाय वितळवण्याची उष्णता, कोक भाजणे आणि वीज यांचाही वाटा असतो, म्हणून या मार्गाने टनभर पोलाद बनवताना जगाची सरासरी 2.3 टनांच्या घरात जाते. कार्बनऐवजी हायड्रोजन वापरला तर वाफ निघते. मात्र तो हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून काढला तर तिथेही कार्बन डायऑक्साइड सुटतोच; तसे करून वर ‘हरित पोलाद’ असा शिक्का मारणे ही निव्वळ जाहिरात होय.

आता साखळी पाहा. भारतात लागणारा बहुतांश कोकिंग कोळसा, म्हणजे कोक बनवण्याचा कोळसा, आयात होतो आणि त्यातला मोठा भाग ऑस्ट्रेलियातून येतो. भट्टी भारतात पेटते, पत्रा युरोपातल्या मोटारीला लागतो, आणि उत्सर्जनाची नोंद मात्र भट्टी ज्या देशात आहे त्याच्याच नावावर होते. सीमाकर या नोंदीला हात लावत नाही. तो युरोपातला आयातदार भरतो, पण किमतीच्या वाटाघाटीत त्याचा भार इकडच्या कारखान्याकडे सरकतो आणि रक्कम युरोपच्या तिजोरीत जाते. निर्मितीच्या देशात कार्बनची किंमत भरली असल्यास तेवढी वजावट मिळते, त्यामुळे 2023 मध्ये अधिसूचित झालेल्या भारताच्या कार्बन व्यापार योजनेला (जिच्यात उत्सर्जनाला किंमत लागते) वेगळेच महत्त्व आले आहे. भट्टीशेजारच्या गावांवर बसणाऱ्या धुळीचा हिशेब मात्र या साऱ्यात कुठेच धरलेला नाही.

भंगार वितळवणाऱ्या विद्युतभट्टीत ऑक्सिजन काढण्याचे काम आधीच झालेले असल्याने उत्सर्जन बरेच कमी होते. परंतु भंगार निघण्यासाठी आधी पूल, इमारती आणि यंत्रे जुनी व्हावी लागतात, आणि भारतातले बहुतेक पोलाद अजून वापरात आहे. युरोपकडे भंगाराचा साठा मोठा आहे. तिथल्या 2024 च्या नियमानुसार मे 2027 पासून ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या गटाबाहेरच्या देशांपैकी केवळ मान्यता मिळालेल्या देशांनाच ते पाठवता येईल.